भिजत घातलेले फोटो

फोटो आवरायचं सॉफ्टवेअर निवडायला मी दोन महिने घेतले. नवरा निवडताना एवढी सवड कुणी दिली नव्हती. रोह्याहून चार माणसं आली, पोहे खाऊन गेली, आणि पुढच्या महिन्यात मी रोह्यात फडताळावर भांडी लावत होते. सॉफ्टवेअर मात्र मी कसून पाहिलं, कारण त्याच्याशी मला संसार करायचा नव्हता. मला त्याच्याकडून सूड उगवून घ्यायचा होता.

कुणावर, ते आधीच सांगते. आमच्या धाकट्या दिरांवर. मी त्यांना भावजी म्हणते, अजूनही म्हणते. सूड घेतला म्हणून नातं तुटत नाही, उलट दोघंही एकमेकांशी जरा जपून बोलायला लागतात. भावजी कंपनीतून निवृत्त झालेले. शिफ्टमध्ये होते तेव्हापासून त्यांना फोटोचा नाद. रोह्यात हौशी फोटोवाल्यांचा एक गट आहे, त्यात त्यांचा शब्द शेवटचा. रविवारी कोलाडला नदीवर जायचं, पाण्याचे नि बोटींचे फोटो काढायचे, आणि हायवेवर मिसळ खाता खाता बाकीच्यांच्या फोटोंतल्या चुका काढायच्या, हा त्यांचा धर्म.

फोटो मीही काढते. मुलीने तिचा जुना कॅमेरा दिला तेव्हापासून. त्या वेळची मी तुमच्यासमोर उभी करते, म्हणजे पुढे काय झालं त्याचं नवल वाटणार नाही. वय छप्पन्न, केस काळे केलेले, अक्कल जशी होती तशीच ठेवलेली. कॅमेऱ्याची पिशवी गळ्यात अडकवून बाजारात अशी फिरायची, की जणू हिने फोटो काढल्याशिवाय भेंडी विकायची नाही असा हुकूम निघालाय. कॉम्प्युटरवर तिने फोटोंसाठी पहिलं घर, म्हणजे फोल्डर, केलं त्याचं नाव ‘नवीन’. ते भरलं तेव्हा दुसरं, ‘नवीन नवीन’. तिसऱ्याचं नाव ‘खरंच नवीन’. चौथ्याचं ‘देवाचे व इतर’. त्या इतरांत माझा नवरा होता.

याहून मोठी चूक तिने वेगळीच केली, आणि ती चूक हमरापूरच्या मुलीनेच करावी. माझं माहेर हमरापूरचं. घरात गणपतीचा कारखाना. आमच्याकडे मूर्ती रंगवली की कोरी मूर्ती कुठे शिल्लक राहते? रंग चढला की माती आत गेली. आधीची कशी दिसत होती ते बघायचंय असं म्हणणारा माणूस कारखान्यात वेडा ठरेल. मी फोटोंचं तसंच केलं. फोटो उघडायचा, उजळ करायचा, सुरकुत्या पुसायच्या, आणि त्याच नावाने त्यावरच ठेवून द्यायचा. मूळ फोटो त्याच्याच रंगाखाली गाडला गेला. अशी मी तीन वर्षं गाडत होते आणि स्वतःला कलाकार समजत होते.

पण कारखान्याची दुसरीही एक खोड मला होती. शाडूची मूर्ती हातून निसटून मोडली, तर ती कुणी फेकत नाही. तुकडे पिंपात भिजत घालतात, आणि तीच माती पुन्हा मळतात. त्यामुळे हललेले, अंधारे, कुणाचं डोकं कापलेले असे जे फोटो बिघडले ते मी पुसले नाहीत. त्यांचं एक वेगळं घर केलं, नाव दिलं ‘भिजत’. त्यांना हातही लावला नाही, कारण बिघडलेल्याला कोण रंग देतो.

आता तो फोटो.

आई तेव्हा ऐंशीच्या घरात होती. आमच्याकडे डोळ्यांची आखणी शेवटी होते, आणि ती ज्याच्या-त्याच्या हातात देत नाहीत. आईचा हात एरवी थरथरायचा. चहाची बशी धरली की निम्मा चहा साडीवर. पण आखणीचा ब्रश धरला की हात दगडासारखा. ती आधी उजवा डोळा काढायची, मग थोडी मागे व्हायची, मूर्तीकडे बघायची, श्वास आत घ्यायची, आणि मग डाव्याला हात घालायची. त्या मधल्या श्वासाला मी बटन दाबलं. मूर्तीचा उजवा डोळा जागा, डावा अजून कोरा, आणि आई त्या कोऱ्या जागेकडे बघतेय. मी आयुष्यात हजारो फोटो काढले. चांगला हा एकच.

हा मोठा करून आईला द्यावा म्हणून मी पेनड्राइव्हवर घालून भावजींकडे घेऊन गेले. मोठा करताना काय बघायचं ते विचारायला. ते म्हणाले, ठेवा वहिनी इथे, बघतो. मी ठेवला, घरी आले, आणि घरच्या प्रतीतल्या आईच्या सुरकुत्या मन लावून पुसल्या. तिचा चेहरा सोललेल्या बटाट्यासारखा झाला. तो बटाटा मी मूळ फोटोवर ठेवून दिला. पेनड्राइव्ह आठवड्याने परत आला तो धुऊन पुसून, आत काही नाही. शेजारणीची वाटी परत देताना आपण त्यात निदान चार शेंगदाणे घालतो.

दोन महिन्यांनी रोह्यात त्यांच्या गटाचं प्रदर्शन झालं. मी नव्या साडीत गेले. दाराशीच आई. खाली भावजींचं नाव, त्याच्याखाली पहिल्या बक्षिसाची रिबीन. आणि मूर्तीला दोन डोळे. त्यांनी उजवा डोळा उचलून, उलटा करून, डाव्या जागी चिकटवला होता. एक डोळा बरा दिसत नाही, अपुरं वाटतं, असं ते आलेल्यांना समजावत होते.

माझ्याकडे वळून मला म्हणाले, “वहिनी, फोटो म्हणजे नुसतं बटन दाबणं नव्हे. फोटो घडतो तो कॉम्प्युटरवर. तुमचं बटन होतं, त्याबद्दल आभार आहेतच.”

त्यावर त्या छप्पन्न वर्षांच्या बाईने काय केलं असेल? तिने अभिनंदन केलं. आणि भावजींना घरी आणून आल्याचा चहा केला, तोही त्यांना आवडतो तसा, साखर पुढे. आमच्या ह्यांना आत बोलावून सांगितलं तेव्हा हे म्हणाले, जाऊ दे ना, घरातच आहे बक्षीस. आणि तिने जाऊ दिलं. मला आज वेळ मागे नेता आली, तर मी भावजींकडे जाणार नाही, त्या बाईकडे जाईन आणि तिच्या हातातली किटली काढून घेईन.

आई त्यानंतर दोन वर्षांनी गेली. फोटो भावजींच्या दिवाणखान्यात टांगला गेला. प्रत्येक बारशाला, प्रत्येक सत्यनारायणाला मी त्या खोट्या डोळ्याखाली बसून शिरा खाल्ला. बारा वर्षं.

यंदा माघातल्या गणपतीनंतर पेणला आखणीवाल्यांवर प्रदर्शन भरवायचं ठरलं. एका शाळेच्या हॉलमध्ये, चार दिवस. गाठीभेटी घेऊन ते जमवत होते तिथलेच एक निवृत्त हेडमास्तर. भावजींचा फोटो दाराएवढा करून मधोमध लावायचा आणि प्रदर्शन उठलं की हॉलच्या भिंतीवर कायमचा ठेवायचा, असा बेत. हे मला माझ्या जावेने, भावजींच्याच बायकोने, सांगितलं. आमची जाऊ बोलते कमी, पण सगळं बघून ठेवते. भावजींचं अक्षर सुरेख. फोटोंखाली लावायच्या सगळ्या पट्ट्या तेच बोरूने लिहीत होते. त्यांतल्या एका पट्टीचा फोटो काढून तिने मला मोबाइलवर पाठवला, खाली एक शब्दही न लिहिता.

पट्टीवर होतं, ‘अनामिक कारागीर. छाया:’ आणि भावजींचं नाव.

माझं नाव गेलं ते मी बारा वर्षं गिळलं होतं. पण माझ्या आईला अनामिक म्हणायचं? जिच्या हातचा तिळगूळ या माणसाने वीस संक्रांती खाल्ला? आणि ते कायमचं, पेणात, हमरापूरहून चपला घालून जावं इतक्या जवळ? मी मोबाइल खाली ठेवला आणि ह्यांना म्हटलं, आता मी जाऊ देणार नाही. ह्यांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला. आमच्याकडे त्याचा अर्थ ‘तुझं तू बघ’ असा होतो.

हातात दोन महिने होते, आणि पुरावा म्हणाल तर तो बटाटा.

मी सरळ भावजींकडेच गेले. पिशवीत घावन, चेहऱ्यावर भोळेपणा. म्हटलं, माझे फोटो फार पसरलेत हो, एखादं चांगलं सॉफ्टवेअर सांगा. माणसाला ज्ञान द्यायला मिळालं की तो दार, खिडकी, तिजोरी सगळं उघडं टाकतो. तासभर ते बोलत होते. त्यांच्याकडचं कसं सगळ्यांत भारी, त्यात किती शे बटनं, पण तुम्हाला ते झेपायचं नाही. मी घावनाचा डबा पुढे सरकवला आणि विचारलं, “भावजी, तुम्ही परीक्षक असता तेव्हा एखाद्याने दुसऱ्याचाच फोटो आणून लावला, तर तुम्हाला कळतं कसं हो?”

“सोपं आहे,” ते म्हणाले. “मागचे-पुढचे फोटो मागायचे. ज्याने काढला त्याच्याकडे आधीचे दोन-चार नि नंतरचे दोन-चार असतातच. चोराकडे एकच असतो.”

त्यांच्या बरोबर मागे आईचा फोटो होता. मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. पापणीही हलली नाही. तेव्हा मला कळलं, हा माणूस खोटं बोलत नव्हता. बारा वर्षांत त्यांना खरोखर वाटायला लागलं होतं की फोटो त्यांचा आहे. ते कळल्यावर माझा राग कमी व्हायला हवा होता. तो दुप्पट झाला. चोरी करायची आणि ती लक्षातही ठेवायची नाही, म्हणजे चोरीचे कष्टसुद्धा दुसऱ्याने घ्यायचे.

पण विद्या घेऊन मी घरी आले. मागचे-पुढचे. ते ‘भिजत’मध्ये असणार. फक्त ‘भिजत’ आता कुठे होतं? जुन्या लॅपटॉपवरून सीडींवर, सीडींवरून हार्डडिस्कवर, वाटेत दोनदा कॉपी झालेलं, तीनदा नाव बदललेलं. सगळे मिळून चाळीस हजार फोटो. नातीने फोनवरून सांगितलं, आजी, मी इथून तुझ्या स्क्रीनवर बसून शोधून देते. मी नको म्हटलं. सूड म्हणजे पेणचे पापड नव्हेत, दहा जणींनी मिळून लाटायला.

पहिलं सॉफ्टवेअर घेतलं ते फुकटचं, फोनसारखं. गोड स्वभावाचं. फोटो टाकले की आपणहून वर कुठेतरी पाठवायचं, आपणहून उजळायचं, आणि संध्याकाळी गाणं लावून दाखवायचं. चेहरे ओळखायची त्याला फार हौस. आईचा चेहरा समोर आणून त्याने मला विचारलं, ही आणि ही एकच व्यक्ती का? दुसरा फोटो माझा होता, गेल्या दिवाळीचा. मी ‘नाही’ दाबलं. पाच मिनिटांनी त्याने दुसरे दोन आणून पुन्हा तेच विचारलं. मी चष्मा पुसला, पुन्हा ‘नाही’ दाबलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी लॅपटॉप मिटला आणि भाताचा कुकर लावला. एवढ्या गोड माणसाकडून सूड होत नाही. शिवाय त्याने न विचारताच आईच्या सुरकुत्या पुसायला घेतल्या, आणि ते करायला माझ्याकडे आधीची मी होते.

दुसरं, भावजींचं. ते खरंच भारी होतं, खोटं कशाला बोलू. पण त्याची वर्गणी महिन्याला. गणपतीवाले पोरगे वर्षातून एकदा येतात तरी आपण दार लोटून घेतो. वर्गणी थांबली की केलेलं काम कुलपात राहतं म्हणे. आणि भावजींनी स्वतः ते वर्गणी भरून नव्हे, कुणाकडून तरी चोरवाटेने आणलेलं, हे जावेनेच सांगितलं. ती हे सांगताना डाळिंब सोलत होती आणि हसत नव्हती.

तिसरं जगभरच्या हौशी लोकांनी फुकट बांधलेलं. दिसायला करडं, उघडलं की कुठे हात ठेवायचा कळत नाही, शब्द सगळे अवघड. पहिल्या दिवशी मी त्याच्याकडे आणि त्याने माझ्याकडे नुसतं बघितलं. पण त्याचे दोन गुण मला कळले आणि मी त्याच्याशी सोयरीक केली. एक, ते मूळ फोटोला हात लावत नाही. तुम्ही उजळ करा, काळं करा, कापा. ते सगळं शेजारी एका वेगळ्या चिठ्ठीत लिहून ठेवतं. माती तशीच, रंग वेगळा. हे वाचून मला तीन वर्षं गाडलेले सगळे फोटो एकदम आठवले. दुसरा गुण, चाळीस हजार फोटो त्याच्यापुढे ओतले की ते त्यांना सेकंदाच्या हिशोबाने एका रांगेत बसवतं. नाव काय, घर कुठलं, विचारत नाही. कधी जन्मलात तेवढं सांगा.

माझ्या जुन्या कॅमेऱ्याचं घड्याळ दोन तास मागे होतं. ते लावावं हे त्या शहाणीला तीन वर्षांत सुचलं नव्हतं. पण सगळेच फोटो सारखेच मागे, त्यामुळे रांग बिघडली नाही. दहाव्या दिवशी, डाळ फोडणीला टाकायच्या आधी, रांग सरकवता सरकवता मला हमरापूरचा कारखाना दिसला. आईचं पातळ दिसलं. मी गॅस बंद केला.

तेरा फोटो होते. सगळे बिघडलेले, एक सोडला तर सगळे ‘भिजत’मधले. पहिल्या चारांत आई उजव्या डोळ्याची बाहुली भरतेय. मग दोनांत ती मागे होतेय, फोटो हललेला. मग माझा बटाटा, त्याच सेकंदाचा, चोरीला गेलेल्या फोटोच्या जागी. आणि त्यानंतर? त्यानंतरच्या सहांत आई पुढे वाकून डावा डोळा काढायला घेतेय. कोऱ्या जागी पहिली रेघ, मग दुसरी, मग भुवई.

मी खुर्चीत मागे टेकून हसले. भावजींच्या फोटोत दोन्ही डोळे झालेले होते. आणि तीन सेकंदांनंतर माझी आई डावा डोळा काढायला सुरुवात करत होती. देवाला आधी डोळा फुटला आणि मग काढला, असा चमत्कार पेणात आजवर कुणी केला नव्हता.

पुढचं सगळं भावजींनीच जमवून दिलं. त्यांचा फोन आला: वहिनी, तुमच्या माहेरच्या आखणीवाल्या बायका आणा, कार्यक्रमाला शोभा येईल. आणि तुमच्याकडे कारखान्याचे जुने फोटो असतील तर टीव्हीवर फिरवत ठेवू मागे. मी म्हटलं, आणते हो. दोन्ही आणते.

पहिल्या दिवशी मी सकाळच्या गाडीने निघाले. वाटेत निडी स्टेशनात गाडी क्रॉसिंगला थांबली, तेवढ्यात पेनड्राइव्ह पर्समध्ये आहे का ते चारदा चाचपलं. पेणला माझी भावजय पाच जणींना घेऊन उभी होती. माघाचं काम उरकलेलं, पण नखांत अजून रंग. तिला मी काही सांगितलं नव्हतं. तिच्या डोळ्यांवर माझा भरवसा होता.

हॉलमध्ये भावजी रेशमी कुर्त्यात. साठ-सत्तर माणसं. बायका त्या दाराएवढ्या फोटोसमोर थांबल्या. आधी सगळ्यांनी हात जोडले. मग हात जोडलेले ठेवूनच माझी भावजय जवळ गेली, तिने मान तिरकी केली, आणि मागे वळून मला म्हणाली, “वन्स, फोटू आईंचा हाय. पण हा डावा डोळा आईंचा नाय.”

भावजी हसून पुढे झाले. म्हणाले, असं कसं, समोर बसून काढताहेत ना त्या.

“ते व्हय,” ती म्हणाली. “पण उजेड एका अंगानं येतो. आई पांढरा ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच अंगाला देयाच्या. हितं एक ठिपका ह्या अंगाला, एक त्या अंगाला. असा डोळा आमची नवी पोरगीबी काढनार नाय.”

मागून एक म्हातारी म्हणाली, “आरशातला डोळा हाय गो तो.” बाकीच्या तोंडाला पदर लावून हसल्या. आणि मग हॉलमधले सगळे, ज्यांनी आधी बघितलं नव्हतं ते, जवळ जाऊन बघायला लागले. तिथली निम्मी माणसं हमरापूरची होती. एकदा ठिपका दिसला की तो न दिसणं शक्य नव्हतं.

हेडमास्तरांनी भावजींकडे बघितलं. भावजींनी घसा साफ केला, प्रिंटिंगमध्ये होतं असं कधी कधी, म्हणाले. मी म्हटलं, भावजी, तोवर टीव्ही लावू का?

मी घाई केली नाही. एकेक फोटो मोजून दहा अंक ठेवला. उजवी बाहुली. आई मागे झाली. बटाटा आला तेव्हा मी मोठ्याने सांगितलं की हा मी बिघडवलेला, याला हसा. हसले. मग आई पुढे वाकली, आणि डाव्या कोऱ्या जागी रेघ ओढायला लागली. प्रत्येक फोटोच्या खाली त्याची वेळ होती, सेकंदासह. मी कुणावर आरोप केला नाही, कुणाचं नाव घेतलं नाही. फक्त एवढं विचारलं, “भावजी, तुमच्याकडचे मागचे-पुढचे आणलेत का?”

त्यांनी टीव्हीवरची नजर काढून माझ्याकडे बघितलं. मला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, की त्यांना आठवलं. पेनड्राइव्ह, आठवडा, सगळं. मी बारा वर्षं ज्याची वाट बघत होते ते बक्षीस ते होतं. रिबीन फिकी पडली असती त्याच्यापुढे.

हळू आवाजात ते म्हणाले, “वहिनी, घरी सांगायचं होतंत एकदा.”

मी काही बोलायच्या आत जाऊ बोलली. ती खुर्चीवरून उठलीही नाही. म्हणाली, “घरी सांगितलं असतं, तर घरीच राहिलं असतं.”

हेडमास्तर शिस्तीचे. त्यांनी पट्टी काढली, टेबलावर कोरा कागद ठेवला, बोरू भावजींच्या हातात दिला, कारण अक्षर त्यांचंच सगळ्यांत चांगलं. मला म्हणाले, काय लिहायचं ते तुम्ही सांगा. मी सांगितलं: आधी कारागीर, पुढे तिचं नाव. भावजींनी ‘कारागीर’ लिहिलं आणि थांबले. वर बघितलं. त्यांना माझ्या आईचं नाव माहीत नव्हतं. वीस संक्रांतींत विचारायची वेळ आली नव्हती. मी नाव सांगितलं, सावकाश, वडिलांच्या नावासकट. त्यांनी लिहिलं. दुसऱ्या ओळीत छाया, आणि माझं नाव. ते लिहायला मात्र त्यांना सांगावं लागलं नाही.

ते बोरू खाली ठेवायला लागले तेव्हा मी म्हटलं, “अजून एक ओळ आहे, भावजी. डावा डोळा. आणि पुढे तुमचं नाव.”

“हे कशाला, वहिनी?”

“ज्याने काढला त्याचं नाव नको का?”

सगळे बघत होते. त्यांनी लिहिलं. अक्षर तेव्हाही सुरेखच आलं, ते मी मान्य करते.

चारही दिवस मी गाडीने पेणला गेले आणि त्या फोटोसमोर खुर्ची टाकून बसले. हमरापूरहून माणसं येत होती, पोराबाळांना घेऊन. आधी आईला हात जोडायचे, मग खाली वाकून तिसरी ओळ वाचायचे, मग वर डावा डोळा बघायचे, मग ठिपका. आया पोरांना ठिपका बोटाने दाखवायच्या. तिसऱ्या दिवशी मी डबाही नेला.

प्रदर्शन उठताना हेडमास्तरांनी विचारलं, कायमचा लावायचा तर तुमच्याकडचा खराच लावूया का, त्या सहांतला एखादा? भावजयही म्हणाली, लावा वन्स, आईंना असा डोळा आवडला नसता. तिचं खरं होतं. आई असती तर माझ्यावर ब्रश उगारून म्हणाली असती, काढ तो बाहेर. तिच्या जन्मात तिने कुणाचं वाईट चिंतलं नाही. पण मी आईइतकी चांगली नाही, कधीच नव्हते, आणि सत्तरीला आता सुरुवात करण्यात अर्थ नाही.

सहांतला एक, जरा हललेला, आई डाव्या डोळ्याची पहिली रेघ ओढतानाचा, मी कुठलीही सुरकुती न पुसता मोठा करून घेतला. तो भावजयीने कारखान्यात आखणीच्या पाटासमोर लावलाय. आईसाठी तो.

हॉलमध्ये मात्र तो खोट्या डोळ्याचाच आहे, तीन ओळींसकट. भावजींनी दोनदा निरोप पाठवला, तिसरी ओळ तेवढी काढता येईल का. पहिल्या वेळी मी घावन पाठवले. दुसऱ्या वेळी नुसतं नाही म्हटलं.